गाडी म्हातारी झाली नव्हती, बाबा

बाबा,

तेरावं झालं. उरणची माणसं संध्याकाळी शेवटच्या टेम्पोने गेली, मांडववाल्याने खुर्च्या उचलल्या आणि आईंनी इतक्या दिवसांत पहिल्यांदा स्वतःहून चहा मागितला. मी करून दिला आणि ओट्याला टेकून तशीच उभी राहिले. अशा वेळी झोप उडते म्हणतात. माझी नाही उडाली. मिळेल तिथे झोपतेय, तरी उठल्यावर अंग जडच असतं. रजा संपत आली. सोमवारपासून तळोज्याला कामावर जायचंय. त्याआधी तुमच्याशी राहिलेलं एक भांडण पुरं करायचं आहे.

पेपरात द्यायला विलासने तुमच्याबद्दल चार ओळी लिहिल्या. गाव, आखातातली नोकरी, मागे कोण कोण. सगळं बरोबर होतं. त्यात गाडी नव्हती. जाहिरातीत सासऱ्याच्या गाडीच्या कॉम्प्युटरबद्दल कोण लिहितं?

विलासशी लग्न होऊन मी खांदा कॉलनीतल्या या घरात आले तेव्हा फाटकातून आत शिरल्यावर आधी गाडी दिसली होती आणि मग घर. निळी, लांबलचक, जर्मन, स्टिअरिंग डावीकडे. आखातात ज्या साहेबाकडे तुम्ही ड्रायव्हर होतात, तो मायदेशी जाताना ती तुम्हाला देऊन गेला आणि तुम्ही ती जहाजातून आणलीत. बंदरातून ती सोडवून आणायला किती हेलपाटे घातले हे तुम्ही पाहुण्यांना इतक्या वेळा सांगायचात, की पाहुणे चहा लवकर संपवायचे.

पहिल्याच आठवड्यात तुम्ही मला विचारलंत, "डोंबिवलीची ना गो तू? काय शिकलीस?"

"इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा."

"म्हंजे रेडिओ?"

"रेडिओ नाही, बाबा. कारखान्यातली मशीन चालवणारे बोर्ड असतात. ते तपासायचे, बिघडले तर दुरुस्त करायचे."

"मशीन बोर्ड चालवतो?" तुम्ही जरा विचार केलात. "मंग तिथं मानूस काय करतो?"

मला तोवर कुणी हे विचारलं नव्हतं. सगळे पगार विचारायचे, नाहीतर शिफ्ट विचारायचे. मी तुम्हाला सांगत बसले आणि तुम्ही ऐकत बसलात. आतून आईंनी दोनदा हाक मारली, तेव्हा तुम्हीच ओरडून सांगितलंत, "थांब, ती कामाचं बोलते हाय."

गाडीचं दुखणं एकच होतं. सपाटीवर ती सुरेख पळायची. पण खोपोली सोडून घाट लागला की इंजिनातून खणखण सुरू व्हायची, डब्यात खिळे हलवावेत तशी. तुम्हाला पाय वर घ्यावा लागायचा आणि मागून भाजीचे टेम्पोसुद्धा हॉर्न देत पुढे जायचे. ते तुमच्या फार जिवाला लागायचं. जुन्या पनवेलातल्या मेकॅनिकने बॉनेट उघडून बराच वेळ बघितलं आणि हात पुसत सांगितलं, "काका, इथं फिरवायला स्क्रूच नाय. सगळं त्या कॉम्प्युटरमधी हाय. तो बोलंल तसं इंजिन चालतं."

तुम्ही घरी आलात ते चपला न काढता आत. "गो, ये इकडं! मशीन चालवणारा बोर्ड आपल्या गाडीत पन हाय!"

उजव्या सीटच्या पुढच्या कप्प्यामागून आपण तो पत्र्याचा डबा काढला आणि स्वयंपाकघरातल्या टेबलावर ठेवला. आई म्हणाल्या, "मासळी कापायच्या जागेवर हे काय आनलंय?" तुम्ही म्हणालात, "हा गाडीचा मेंदू हाय." आई म्हणाल्या, "मंग गाडीतच राहू द्या. इथं कुनाला नको हाय?"

त्या मेंदूत एक चिप होती आणि चिपमध्ये आकडे. इंजिन किती वेगाने फिरतंय, त्यावर किती भार आहे, त्याप्रमाणे पेट्रोल किती सोडायचं आणि ठिणगी नेमकी कधी टाकायची, एवढाच त्या आकड्यांचा अर्थ. गाडी बनवणाऱ्यांनी तिकडचं चांगलं पेट्रोल धरून ते आकडे लिहिले होते. आपल्या पंपावरचं पेट्रोल हलकं, ते आधीच भडकायचं. खणखण त्याचीच होती. माझ्या साहेबांची परवानगी काढून मी कारखान्यातल्या यंत्रावर चिप वाचली आणि आकडे छापून घरी आणले, तेव्हा तुमचा चेहरा उतरला. कुठला आकडा कशाचा, हे त्यात कुठेच लिहिलेलं नव्हतं. ते शोधण्यात माझा एक अख्खा पावसाळा गेला. कामावरून यायचं, भाकऱ्या टाकायच्या, भांडी आवरायची आणि मग कागद पसरायचे. शेवटी एका तुकड्यातले आकडे आलेखाच्या कागदावर मांडले आणि तिथून एक टेकडी उभी राहिली. एका अंगाने सावकाश चढणारी, दुसऱ्या अंगाने तुटलेली. तुम्ही त्यावरून बोट फिरवलंत. "हा तर घाट हाय."

मूळ चिप मी एका डबीत जपून ठेवली आणि कोऱ्या चिपवर नवीन आकडे लिहिले. जिथे इंजिनावर भार जास्त, तिथे ठिणगी जराशी उशिरा. खणखण ऐकायला तुम्हाला मोकळं बसायचं होतं, म्हणून तुम्ही मला गाडी चालवायला शिकवलीत. तीही उरणच्या रस्त्याला, न्हावा शेवाच्या कंटेनरवाल्यांच्या मधोमध. मी ट्रकांच्या मधून वाट काढायचे आणि तुम्ही डोळे मिटून इंजिन ऐकायचात. मी म्हणायचे, "बाबा, डोळे उघडा, मला पुढचं दिसत नाही." कारण आपल्या रस्त्यावर डावीकडच्या स्टिअरिंगवरून पुढच्या ट्रकच्या पलीकडचं दिसतच नाही. उजवीकडे बसलेल्याने वाकून बघायचं आणि सांगायचं, जा किंवा थांब. तुम्ही चालवायचात तेव्हा ते काम माझ्याकडे यायचं. माझ्याआधी ते आईंचं होतं. आई डोळे गच्च मिटून "जा" म्हणायच्या आणि एकवीरेचं नाव घ्यायच्या. इतकी वर्षं तुम्ही कसे वाचलात, देव जाणे.

त्या चिपवर पहिल्यांदा घाट चढलो तो दिवस मला पुरा आठवतो. विलास मागे बसला होता. खोपोली गेली, चढ लागला, तुम्ही पाय दाबलात आणि आवाज आला नाही. आणखी दाबलात, तरी आला नाही. एक टेम्पो मागे पडला, मग एक एस्टी. मी तुमच्याकडे बघितलं तर तुमच्या डोळ्यांत पाणी. वर पोचल्यावर तुम्ही चहावाल्याला सांगितलंत, "ही माझी सून. हिनं गाडीचं डोकं बदललं." तो बिचारा हो म्हणाला.

तिथे थांबला असतात तर ते तुम्ही कसले! तुम्हाला आणखी जोर हवा झाला. मुंबईत बऱ्यापैकी पेट्रोल मिळायला लागलं तेव्हा तुम्ही टाकी भरायला पनवेलहून चेंबूरला जायला लागलात आणि दर रविवारी माझ्यामागे लागलात. "अजून थोडं दे. थोडंसंच." चांगल्या पेट्रोलवर ठिणगी पुन्हा जरा लवकर टाकता येत होती, ते खरं. मी थोडं दिलं. मग आणखी थोडं. मग म्हटलं, "बाबा, बास. आता यात काही शिल्लक नाही. खणखणतेय, मला ऐकू येतंय."

"ते टॅपेट हाय. जुन्या इंजिनात वाजतंच."

"टॅपेट नाही, बाबा."

"मी आखातात अख्खा जन्म गाडी चालवली. मना टॅपेट नाय समजत?"

त्याच चिपवर तुम्ही मला घेऊन भर उन्हात पुण्याला निघालात आणि खोपोलीच्या वर इंजिनाची हेड गॅस्केट उडाली. पांढऱ्या धुरात आपण दोघं रस्त्याच्या कडेला उभे. बंदराकडे चाललेल्या एका ट्रेलरवाल्याने दोर बांधून पनवेलपर्यंत ओढत आणलं. सोडताना तो म्हणाला, "चाचा, इतनी बढ़िया गाड़ी, और रस्सी से?" त्याला तुम्ही नुसता हात केलात. मला मात्र घरी येईपर्यंत बोलत होतात की तुझे आकडे चुकले. मी म्हटलं, आकडे तुमच्या हट्टाचे होते. आपण पुरता पंधरवडा अबोला धरला. मग एका सकाळी तुम्ही करंजाहून ताजी पापलेटं घेऊन आलात, ओट्यावर माझ्यासमोर ठेवलीत आणि म्हणालात, "ते टॅपेट नव्हतं." मी इतकी हसले की आई धावत आल्या.

त्यानंतर आपण शहाण्यासारखे वागलो. गाडी एका बेताच्या चिपवर आणून ठेवली आणि ती तिथेच राहिली. काही वर्षं बरी गेली. मग तुमची साखर वाढली. गोळ्या आल्या, पथ्य आलं, सणासुदीला श्रीखंडावरून भांडणं आली. गेल्या वर्षी गणपतीनंतर तुम्ही मला म्हणालात, "गो, गाडीचा जोर गेला. चिप बघ जरा."

मी चिप काढून वाचली. एकही आकडा हललेला नव्हता. फिल्टर बदलले, प्लग बदलले, मेकॅनिककडून बाकीचं बघून घेतलं. गाडी ठीक होती. तुम्ही म्हणत होतात, पाय दाबतो तरी पळत नाय. आणि कधी म्हणायचात, एकदम सुटते, ऐकतच नाय. दोन्ही कसं असेल, हे मला समजेना. मग एकदा तुम्ही बाहेरून आलात आणि जिना चढून वर आलात, ते एकाच पायात चप्पल घालून. मी विचारलं, "बाबा, दुसरी कुठाय?" तुम्ही खाली बघितलंत. दुसरी गाडीत, पेडलपाशी पडली होती. ती पायातून निसटली होती आणि तुम्हाला ते समजलंच नव्हतं.

मी त्याच दिवशी गाडी घेऊन उरणच्या रस्त्याला गेले. एकटीच. पाय दाबला आणि गाडी नेहमीसारखी निघाली. मिठागरांपाशी ती कडेला घेतली आणि बराच वेळ तिथेच बसून राहिले. जोर गाडीचा गेला नव्हता, तुमच्या पायाचा गेला होता.

डॉक्टरांनी नंतर तेच सांगितलं. साखरेने पायाच्या नसा बधिर झाल्यात, गाडी चालवू देऊ नका. तुम्ही डॉक्टरांना हो म्हणालात आणि दुसऱ्या दिवशी किल्ली घेऊन करंजाला गेलात. परत येताना वळणावर गाडी बांधावरून खाली उतरून चिखलात बसली. कुणाला काही लागलं नाही. तुम्ही म्हणालात, स्टिअरिंग घसरलं.

त्या संध्याकाळी तुम्ही देवळात गेलात तेव्हा आई आणि विलास मला घेऊन बसले. विलास बंदरात मोठमोठ्या क्रेन चालवतो, पण तुमच्यापुढे त्याचं तोंड कधी उघडलं नाही. तो म्हणाला, "तू चिप बदल. गाडी इतकी मरतुकडी कर की त्यांनाच कंटाळा येईल. वीसच्या वर जाऊच नको देऊस. त्यांना वाटेल गाडी म्हातारी झाली. आपोआप सोडतील."

आई म्हणाल्या, "तेवढं कर गो. त्यांचा जीव तरी वाचंल."

ते मला जमलं असतं. अवघड नव्हतं. जोर वाढवण्यापेक्षा तो काढून घेणं कितीतरी सोपं. मी दोन दिवस विचार केला. कारखान्यात कोरी चिप हातात घेऊन बसले, आणि प्रत्येक वेळी मला तुम्ही आकड्यांच्या कागदावर वाकलेले दिसायचात. त्या डब्यात जे काही झालं ते आपण दोघांनी मिळून केलं होतं. त्यात तुमच्या पाठीमागे खोटे आकडे भरायचे, हे मला जमेना. विलासला मी सांगितलं, मी त्यांना खरं सांगणार. तो म्हणाला, "सांग मग. पण मी समोर नसणार."

तुम्ही अंगणात गाडीवरची धूळ पुसत होतात. मी म्हटलं, "बाबा, गाडीला काही झालेलं नाही. चिप ठीक आहे, इंजिन ठीक आहे. तुमच्या पायाला पेडल समजत नाही. तुम्हाला वाटतं दाबलंय, तेव्हा दाबलेलं नसतं."

तुम्ही पुसत राहिलात.

"घरातले म्हणत होते, गाडीचा जोर गुपचूप कमी कर. मी नाही केला."

तेव्हा तुम्ही फडकं बॉनेटवर ठेवलंत. रागावला नव्हतात. रागावला असतात तर मला सोपं गेलं असतं. तुम्ही म्हणालात, "का नाय केलास? केला असतास तर गाडी म्हातारी झाली, असं समजून मी तिला सोडली असती. आता मीच म्हातारा झालो."

आणि किल्ली माझ्या हातात देऊन तुम्ही आत गेलात.

मी फडकं घेऊन उरलेली गाडी पुसली, कारण दुसरं काय करावं ते समजेना. त्यानंतर कितीतरी दिवस तुम्ही जेवणापुरते बाहेर यायचात. आई माझ्याकडे बघायच्या, विलास माझ्याकडे बघायचा. त्यांच्या मनातलं मला ऐकू यायचं. सकाळी डबा, दिवसभर कारखाना, संध्याकाळी तुमच्या पायाच्या जखमेला मलम, पट्टी. मलम लावतानाही तुम्ही भिंतीकडे बघायचात. मी इतकी थकले होते की मनात यायचं, करायला हवी होती ती चिप. अर्ध्या तासाचं काम. सगळे सुखी झाले असते.

दिवाळी झाल्यावर एका रविवारी तुम्ही पांढरा शर्ट घालून खाली उतरलात, गाडीचं उजवं दार उघडलंत आणि बसलात. मी भाजी निवडत होते. हॉर्न डावीकडे राहिला, म्हणून तुम्ही दारावर थापा मारल्यात. "चल गो. घाटात जाऊ."

मी तशीच आले, ओढणीला हात पुसत. खोपोलीच्या पुढे एक टँकर आडवा आला, मी वेग कमी केला. तुम्ही खिडकीतून बाहेर वाकलात. "जा." मी गेले. मग पुढचा. "थांब… थांब… आता जा!" तिसऱ्या ट्रकपर्यंत तुम्ही ओरडायला लागला होतात. पाय दाब, घाबरतेस काय, चौथा गिअर कशाला टाकलास, इंजिन काय म्हनतं ते ऐक! वर पोचलो तेव्हा माझ्या पाठीला घामाची धार लागली होती आणि तुमचा आवाज बसला होता. तुम्ही भाजलेलं कणीस मागवलंत. खाता खाता म्हणालात, "ब्रेक उशिरा मारतेस." बाकी काही नाही.

मग आपण दर रविवारी जायला लागलो. कधी घाट, कधी करंजा. डिकीत सुके बोंबील, काचा उघड्या, आणि तुम्ही उजवीकडे बसून मला शिव्या देताय. कंटेनरवाले बघायचे, म्हातारा स्टिअरिंगच्या जागी हात हलवत बसलाय आणि गाडी कोण चालवतंय ते दिसतच नाही. त्या रविवारांमध्ये तुम्ही मला जे सांगितलंत, ते विलासलाही ठाऊक नसेल. मीठ काढताना तुमच्या वडिलांचे पाय कसे फुटायचे. आखातातल्या पहिल्या वर्षी तुम्ही किती रडलात. साहेबाने गाडी दिली तेव्हा आपल्याला गाडी नको, घरी लवकर जायचंय, असं तुम्हाला वाटलं होतं आणि ते तुम्ही कुणाला बोलला नव्हतात. स्टिअरिंग तुमच्या हातात असतं तर यातलं काहीच तुम्ही सांगितलं नसतंत. चालवताना तुम्ही फक्त इंजिन ऐकायचात.

पायाची जखम चिघळली, मग दवाखाना, मग अतिदक्षता विभाग. त्यातलं मला काही लिहायचं नाही. तिथे त्या भांडणाचा विषय काढायचं माझ्या मनात होतं. पण तुम्ही नर्सला गाडीच्या गोष्टी सांगत होतात, आणि नंतर तर बोलण्याइतकं त्राण राहिलं नाही. मी उशाशी बसून पेंगत होते. तुम्ही गेलात तेव्हाही मी जागी होते की नव्हते, मला नीट सांगता येत नाही.

का नाय केलास, ते आता सांगते. त्या दिवशी अंगणात मला सुचलं नव्हतं.

मी गुपचूप जोर काढून घेतला असता, तर तुम्ही महिन्याभरात गाडी विकली असतीत. म्हातारी गाडी कोण ठेवतं? अंगण मोकळं झालं असतं. तुम्ही खुर्चीवर बसला असतात, मी कामावर गेले असते. तुम्हाला कधी काही कळलं नसतं, आणि मलाही तुमच्याबद्दल काही कळलं नसतं. तुम्ही म्हातारे झालात, हे माझ्या तोंडून ऐकावं लागलं. ते फार वाईट होतं. पण त्यानंतरचे रविवार त्यातूनच आले, बाबा. मला ते रविवार हवे होते. तुमच्यासाठी नसतील कदाचित, माझ्यासाठी हवे होते. हे माझं उत्तर.

तुम्हाला ते पटलं असतं का, कुणास ठाऊक. तुम्ही बहुतेक म्हणाला असतात, हे सगळं खरं गो, पन ब्रेक तू उशिराच मारतेस.

विलासने मघाशी विचारलं, गाडीचं काय करायचं. मी म्हटलं, तू ती चालवायला शीक, मी उजवीकडे बसेन. तो घाबरला. पण नाही म्हणाला नाही.